वाळूचा आकडा बरोबर, तरी मोल्डर मेस्त्री गप्प का?

तुम्ही लिहिले आहे की कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावातील तुमच्या फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) गेल्या वर्षी सँड प्लांटवर, म्हणजे साच्यांची वाळू तयार करणाऱ्या यंत्रणेवर, संगणकीय नियंत्रण बसवले, वाळूचे साचे बनवणाऱ्या मोल्डिंग लाइनवर नोंदीसाठी टॅब दिले, पहिले काही महिने रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, कमी झाले आणि आता ते हळूहळू पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले आहे. २८ वर्षे काम केलेले तुमचे मोल्डर मेस्त्री पूर्वी वाळूवरून रोज वाद घालायला केबिनमध्ये येत असत. आता विचारले तर "टॅबवर आलंय तसं केलंय" एवढेच उत्तर देतात. आयटीआयमधून आलेली मुले टॅब भराभर चालवतात, पण साचा का फुटला हे त्यांना सांगता येत नाही. मेस्त्रींचा हा विरोध कसा मोडावा, सगळ्यांना पुन्हा ट्रेनिंग द्यावे की प्रणालीच काढून टाकावी, असा तुमचा प्रश्न आहे.

मी ३४ वर्षे याच धंद्यात आहे. सुरुवात शिवाजी उद्यमनगरात क्युपोलावर (कोकवर चालणाऱ्या जुन्या भट्टीवर) झाली, पुढे शिरोलीत विजेच्या इंडक्शन फर्नेसवर काम केले आणि गेली काही वर्षे अशाच प्रणाली बसवून त्या चालत्या करण्याचे काम करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्ही ज्याला विरोध म्हणता तो विरोध नसावा. मेस्त्री वाद घालत होते तेव्हा वाळूची जबाबदारी ते स्वतःची मानत होते. आता ती जबाबदारी पॅनेलकडे, म्हणजे संगणकीय नियंत्रणाकडे, गेली आहे, असे त्यांना तुमच्या नव्या व्यवस्थेने कळवले आहे आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे मान्य केले आहे. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे की, जे ज्ञान मेस्त्रींच्या हातात होते ते आता कारखान्यात कोणी विचारते का, आणि नव्या मुलांना ते मिळवण्याची एखादी वाट उरली आहे का.

यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. तुमची लाइन एकाच प्रकारची कास्टिंग (ओतलेले भाग) महिनोन्महिने काढते की दर दोन दिवसांनी पॅटर्न बदलतो, ओलाव्याची मर्यादा तुमच्या माणसांनी ठरवली की यंत्र पुरवणाऱ्याने बसवून दिलेली तशीच चालू आहे, मोल्डरला नगावर पैसे मिळतात की पगारावर, टॅबवरची नोंद कोण वाचते आणि वाचून काय करते, या गोष्टी मला माहीत नाहीत. एकाच साच्याचे मोठे उत्पादन असेल तर प्रणालीवर बराच भार टाकता येतो. जॉबिंगच्या, म्हणजे छोट्या-छोट्या वेगवेगळ्या ऑर्डरींच्या, कामात तो तेवढा टाकता येत नाही. पुढचे सगळे त्या हिशेबाने वाचावे.

वाळूपासून सुरुवात करतो, कारण तुमचे मेस्त्री तिथेच गप्प झाले आहेत. हिरव्या वाळूत (साच्याच्या ओलसर वाळूला आम्ही असे म्हणतो) सिलिका वाळू, बेंटोनाइट ही चिकणमाती, कोळशाची पूड आणि पाणी असते आणि पाण्याचे प्रमाण साधारण तीन ते चार टक्क्यांच्या आसपास सांभाळावे लागते. जुना मोल्डर मूठभर वाळू घेऊन दाबतो. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले आहेत का, तळहाताला वाळू चिकटली का, गोळा मधोमध मोडल्यावर कडा धारदार राहिल्या की भुरभुरल्या, हे सगळे तो दोन सेकंदांत पाहतो. ओलावा जास्त असेल तर कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, येणार आणि कमी असेल तर साच्याची कड ढासळून वाळू धातूत जाणार, हे त्याने पुस्तकात वाचलेले नसते. त्याने त्याच वाळूचे कास्टिंग संध्याकाळी फोडून पाहिलेले असते. सकाळची मूठ आणि संध्याकाळचे कास्टिंग यांची गाठ वर्षानुवर्षे पडत राहते, म्हणून हात शिकतो. ती गाठ सुटली की हाताचे शिकणे थांबते. मग प्रणाली कितीही चांगली असो.

आता पॅनेल काय पाहते ते बघा. मिक्सरमधील प्रोब मिक्सरमधील वाळूचा ओलावा मोजतो आणि तो बरोबर मोजतो. मी पूर्वी एका कारखान्यात होतो तिथे असेच नियंत्रण होते. दुपारी तीननंतर निघणाऱ्या कास्टिंगमध्ये वाळूचे दोष वाढत, पॅनेलवर मात्र दिवसभर ओलावा मर्यादेत दिसे. आम्ही बेंटोनाइट बदलून पाहिले, पुरवठादाराशी पत्रव्यवहार केला, तीन आठवडे घालवले. शेवटी लाइनच्या टोकाला उभ्या असणाऱ्या मोल्डरला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मिक्सरपाशी वाळू बरी असतीया सायेब, माझ्यापाशी येईस्तोवर मरतीया." सकाळपासून तीच वाळू फिरून फिरून तापलेली असे. परत येणारी वाळू साधारण ५० अंश सेल्सियसच्या वर गेली की मिक्सरमध्ये घातलेले पाणी पट्ट्यावर आणि हॉपरमध्ये (मोल्डरपाशी वाळू साठवणाऱ्या पेटीत) उडून जाऊ लागते. त्यातच आमचा पट्टा लांब होता आणि त्या महिन्यात जाड कास्टिंग चालू होती, म्हणजे वाळूच्या मानाने धातू जास्त आणि उष्णताही जास्त. मोल्डरला कारणाचे शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु दोष कोठे आणि किती वाजता जन्माला येतो हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मग त्याने आधी का सांगितले नाही? पूर्वी एकदा त्याने पाणी वाढवायला सांगितले तेव्हा पॅनेलला हात लावायचा नाही, अशी त्याला ताकीद मिळाली होती, आणि टॅबवर थांबण्याच्या कारणांची जी यादी होती तिच्यात "वाळू वाटेत सुकते" असे कारणच नव्हते. तो प्रत्येक वेळी "इतर" निवडत होता, आणि "इतर" या रकान्याकडे आमच्यापैकी कोणीही पाहत नव्हते.

माणसाचे ज्ञान गप्प होण्याचा हा पहिला प्रकार झाला. दुसरा प्रकार अधिक वाईट, आणि त्यात चूक माझी स्वतःची होती. क्युपोलाच्या काळापासून आम्ही लोखंड ओतण्यापूर्वी पाचरीच्या आकाराचा छोटा नमुना ओतत असू, तो थंड करून फोडत असू आणि टोकाकडचा पांढरा भाग किती खोल गेला आहे ते पाहत असू. पांढरा भाग जास्त, म्हणजे लोखंड कडक होण्याकडे झुकलेले. स्पेक्ट्रो, म्हणजे धातूतले घटक मोजणारे यंत्र, आल्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज असे सगळे घटक दशांशासह छापून मिळू लागले आणि तो पाचरीचा नमुना, म्हणजे वेज, फोडण्यात वेळ जातो म्हणून ती पद्धत मी बंद केली. स्पेक्ट्रो घटक सांगतो. ते लोखंड गोठताना ग्रॅफाइट किती सहज धरेल, हे तो सांगत नाही. लाइन काही कारणाने थांबली आणि धातू भट्टीत बराच वेळ तापत राहिला, तर घटक जवळजवळ तेच राहतात, पण ग्रॅफाइट ज्या सूक्ष्म कणांवर वाढते ते नाहीसे होत जातात. छापील कागद तोच राहतो आणि पातळ कास्टिंग मात्र पांढरे, कडक निघते. आमच्याकडे मशीन शॉपमधून टूल तुटत असल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा मला हे उमजले. वेज पुन्हा सुरू करायला निघालो, तर फुटलेल्या तोंडाकडे पाहून लेडलमध्ये (धातू ओतण्याच्या भांड्यात) इनॉक्युलंट, म्हणजे ग्रॅफाइट धरायला मदत करणारे मिश्रण, किती वाढवायचे हे सांगणारे भट्टीवरचे मामा त्याआधीच निवृत्त झाले होते. नमुना ओतता येत होता, फोडता येत होता. तो वाचणारे कोणी उरले नव्हते. ते वाचन पुन्हा उभे करायला आम्हाला दीड वर्ष लागले.

या विषयावर मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली एक छोटा निबंध लिहिला होता. त्यातला विचार मला आपल्या कारखान्यांना तंतोतंत लागू पडताना दिसतो. स्वयंचलित यंत्रणा बसवणारा माणूस सोपा, नेहमीचा भाग यंत्राकडे देतो आणि यंत्राला जमत नाही तेवढा अवघड भाग माणसासाठी ठेवतो. परंतु अवघड भाग सांभाळण्याची ताकद माणसाला रोजचा सोपा भाग हाताळूनच आलेली असते. सुरुवातीची पिढी जुन्या सरावाच्या जोरावर नवी यंत्रणा उत्तम चालवते आणि त्यामुळे यंत्रणा यशस्वी ठरल्यासारखी वाटते. पुढच्या पिढीकडे तो साठा नसतो. तुमचे पहिल्या काही महिन्यांतले यश असेच असण्याची मला शंका आहे. तेव्हा पॅनेलही होते आणि मेस्त्रीही बोलत होते. आता फक्त पॅनेल उरले आहे.

ज्यांनी आपल्या भागातले गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे लवकर समजेल. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. थोडा पाक गार पाण्यात सोडून त्याची गोळी कशी बसते ते पाहतो. तापमापक लावून हे काम बरेच नेमके करता येते आणि ते करावेही. परंतु ऊस वेगळ्या रानातला असला किंवा तोडून दोन दिवस पडलेला असला, तर त्याच तापमानाला गूळ तसाच बसेल याची खात्री नसते. तापमापक गुळव्याच्या हातात असेल तर गुळव्या अधिक शहाणा होतो. गुळव्याला घरी पाठवून चुलीत चिपाड घालणाऱ्या पोराच्या हातात तापमापक दिला, तर चांगल्या उसाचा गूळ चांगला होईल आणि बाकीच्या दिवशी काय झाले हे कोणाला कळणार नाही.

कौशल्याइतकाच कामाच्या जगण्याचाही प्रश्न आहे. टॅबवर प्रत्येक थांब्याची मिनिटे मोजली जातात. साचा बंद करण्याआधी कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा भाग) नीट बसला आहे का हे पाहण्यासाठी अर्धे मिनिट थांबणारा माणूस आणि तंबाखू मळत थांबलेला माणूस त्या नोंदीत सारखेच दिसतात. मशीन शॉपमध्येही हेच घडते. सीएनसीवरचा जाणता ऑपरेटर इन्सर्टचा (टूलच्या कापणाऱ्या टोकाचा) आवाज बदलला की फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, थोडा कमी करतो आणि टूल वाचवतो. काही ठिकाणी त्या फिरवलेल्या नॉबची नोंद "ठरलेल्या प्रक्रियेपासून विचलन" अशी होते आणि महिन्याच्या बैठकीत त्याच्याकडून खुलासा मागितला जातो. दोनदा खुलासा दिल्यावर तो नॉबला हात लावत नाही. इन्सर्ट तुटतो, आणि त्याला कोणी काही विचारत नाही, कारण प्रक्रिया पाळलेली असते. माणसाने विचार केल्याची शिक्षा आणि विचार न केल्याची मोकळीक अशी मांडणी आपण नकळत करून ठेवली, तर दोष कामगाराच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

सुपरवायझरचेही असेच होते आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. पूर्वी तो लाइनवर फिरत असे. फिरताना त्याला पट्ट्याचा आवाज, वाळूचा वास, माणसांचे चेहरे कळत. आता सगळे आकडे केबिनमध्ये दिसतात म्हणून तो केबिनमध्ये बसतो. तुम्ही स्वतः शेवटची मूठभर वाळू हातात कधी घेतली होती, हे आठवून पाहा. हा प्रश्न दोष देण्यासाठी विचारलेला नाही.

याचा अर्थ प्रणाली काढून टाका असा मात्र घेऊ नका. अशा प्रणाली बसण्यापूर्वीचे दिवस मी पाहिले आहेत. ग्राहकाची तक्रार आली की कोणत्या हीटचे (भट्टीच्या कोणत्या खेपेचे) कास्टिंग होते हे शोधायला दोन दिवस वह्या चाळाव्या लागत आणि शेवटी दोष सर्वांत गरीब माणसाच्या माथी मारला जाई. नोंदींमुळे ते बरेच थांबले. पावसाळ्यात नवी वाळू भिजून येते तेव्हा दर बॅचला पाणी बदलण्याचे काम नियंत्रण माणसापेक्षा स्थिरपणे करते. शिवाय जुन्या हातांचेही दोष होते: दोन मेस्त्रींची वाळू दोन तऱ्हेची असे, आणि काही जण आपले ज्ञान मुठीत दडवून ठेवत, शिकाऊ मुलाला वर्षानुवर्षे फक्त फावडे मारायला लावत. तेव्हाही शिकण्याची वाट सर्वांना खुली नव्हती.

मी जे करतो ते सांगतो. त्याला आमच्याकडे "आधी हात, मग आकडा" असे म्हणतात. प्रत्येक शिफ्टमध्ये तीन वेळा मोल्डर आपल्या स्वतःच्या हॉपरमधील वाळू मुठीत घेतो आणि कॉम्पॅक्टेबिलिटी, म्हणजे ठोकल्यावर वाळू किती टक्के खाली बसते ती, किती असेल याचा अंदाज मोठ्याने सांगतो. शिकाऊ मुलगा आधी स्वतःचा आणि मग मोल्डरचा अंदाज वहीत लिहितो. त्यानंतर नळीत वाळू भरून, वरची पातळी सारखी करून, तीन ठोके देऊन ती किती टक्के खाली बसली ते मोजतात आणि शेवटी पॅनेलवरचा ओलावा पाहतात. क्रम महत्त्वाचा आहे. आकडा आधी दिसला की हात त्याच्यामागून चालतो आणि दोन महिन्यांत हाताचे मत संपते. अंदाज आधी बोलला गेला की प्रत्येक मोजणी हाताला शिकवते. जुन्या मोल्डरचे अंदाज काही आठवड्यांत मोजणीच्या दोन-तीन अंकांच्या आत येऊ लागतात. मुलांना सहा-आठ महिने लागतात, पण जुन्या पद्धतीत त्यांना याहून कितीतरी जास्त वेळ लागला असता, कारण तेव्हा हात बरोबर की चूक हे कळायला संध्याकाळ उजाडावी लागे. या ठिकाणी संगणकाने कौशल्य वाढवले, हे मी खात्रीने सांगतो.

हात आणि आकडा यांत मोठा फरक पडला तर लाइनवरच दोन मिनिटे थांबून कारण शोधायचे, हा दुसरा नियम. कोण बरोबर हे आधी ठरवायचे नाही. आमच्याकडे एकदा प्रोबवर मातीचा थर बसला होता आणि हात बरोबर ठरला. दुसऱ्या वेळी बेंटोनाइटचा नवा लॉट हाताला वेगळा लागत होता आणि मोजणी बरोबर होती. दोन्ही वेळा मोल्डर काहीतरी नवीन शिकला आणि आम्हीही शिकलो.

यात मी एक चूक केली होती, ती तुम्ही करू नका. उत्साहाच्या भरात मी प्रत्येकाचे अंदाज नावासह फळ्यावर लावले. पंधरा दिवसांत सगळ्यांचे अंदाज एकसारखे येऊ लागले, कारण माणसे आधी चोरून पॅनेल पाहून येत होती. चुकण्याची भीती आली की अंदाज बांधणे संपते. ती वही पगाराशी, बक्षिसाशी किंवा शिस्तीशी कधीही जोडू नये. ती मोल्डर आणि शिकाऊ मुलांकडेच राहावी.

टॅबविषयी थोडक्यात. मजकूर मराठीत आणि तुमच्याकडे ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातील माणसे असतील तर हिंदीतही असावा. कारणांची यादी लाइनवरच्या माणसांना विचारून करावी आणि दर तिमाहीला बदलावी. बोलून नोंद करण्याची सोय असेल तर फारच उत्तम. "इतर" हा रकाना मात्र दर आठवड्याला तुम्ही स्वतः वाचावा. माझ्या अनुभवात कारखान्याची खरी बातमी तिथेच असते. पाणी ठरावीक मर्यादेत कमीजास्त करण्याचा आणि लाइन थांबवण्याचा अधिकार मोल्डरला लेखी द्यावा, आणि त्याने तो वापरल्याची नोंद तांत्रिक माहिती म्हणून घ्यावी, गुन्हा म्हणून नव्हे.

एवढा खटाटोप छोट्या कारखान्याला परवडेल का, असे तुमच्या मनात येईल. टोयोटासारख्या स्वयंचलनात पुढे असलेल्या कंपनीने जपानमधील आपल्या होन्शा कारखान्यात माणसांनी हाताने तापलेला धातू ठोकून क्रँकशाफ्ट घडवण्याचे काम मुद्दाम पुन्हा सुरू केले, कारण हाताने काम जाणणारी माणसेच यंत्रात सुधारणा सुचवू शकतात असे त्यांच्या लक्षात आले. त्यांना ते नव्याने उभे करावे लागले. तुमच्याकडे तो हात अजून कामावर येतो आहे, म्हणून तुमचा खर्च मेस्त्रींच्या रोजच्या एका तासाएवढाच आहे. तो तास मात्र उत्पादनाच्या हिशेबातून मोकळा ठेवा, त्यांच्या हुद्द्यात शिकवण्याचे काम लिहा आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्या. नव्या पत्रात त्यांचा हुद्दा "ऑपरेटर" असा झाला असेल तर तो आधी दुरुस्त करा. असे एक पत्र खिशात घेऊन फिरणारा माणूस मी पाहिला आहे. तो ते दाखवत नसे, पण विसरतही नसे.

ट्रेनिंगचा वर्ग तूर्त घेऊ नका. या आठवड्यात रोज दुपारी तीननंतर तापमापक घेऊन मेस्त्रींच्या हॉपरपाशी जा. तिथल्या वाळूचे तापमान आणि मिक्सरपाशी असलेले तापमान, दोन्ही त्यांच्या समोर मोजा आणि टॅब बाजूला ठेवून त्यांना एवढेच विचारा की ही वाळू हाताला कशी लागते. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. पहिले काही दिवस ते "टॅबवर आहे की" असेच म्हणतील. तरी जात राहा, आणि ज्या दिवशी ते पुन्हा वाद घालतील त्या दिवशी त्यांना अडवू नका.